विठोबाचं पान

१

विठोबा नाखवा माघी चतुर्थीला पालीच्या जत्रेच्या गर्दीत हरवला, आणि पाडव्याला चार दिवस उरले असताना दुसऱ्यांदा हरवला. पहिल्या वेळी माणूस गेला, दुसऱ्या वेळी त्याचं इंटरनेटवरचं पान गेलं.

पान म्हणजे वेबसाइट. विठोबाला गेलं वर्षभर विसरण्याचा आजार होता. बल्लाळेश्वराच्या दर्शनाच्या रांगेतून तो कधी निसटला, ते कुणाला कळलंच नाही. पोलिसांत तक्रार झाली, फलक लागले, आणि रेवदंड्याच्या स्टँडजवळ मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या अदनाननं फोटोसकट एक वेबसाइट उभी करून दिली. सगळ्या कोळीवाड्याला हायसं वाटलं. आता जग शोधणार, आपण वाट बघायची, असं जो तो म्हणू लागला.

दीड महिना गेला. मग पनवेलच्या अमिषानं, म्हणजे विठोबाच्या भाचीनं, सहज फोनवर मामाचं नाव टाकून शोधलं. ते पान कुठेच आलं नाही. पहिल्या पानावर नाही, दहाव्यावरही नाही. तिनं घरी कळवलं, आणि दुपारपर्यंत वाड्यात बातमी फिरली की पान कुणीतरी काढून टाकलं. कुणी, हे सांगायला वाड्याला पुरावा लागत नाही. विठोबाचा मुलगा पियूष होडी विकायला निघाला होता, बाप आडवा येत होता, आणि जत्रेच्या आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. लोकांनी दोन नि दोन चार केले, वर पदरचे दोन घालून सहा केले.

त्याच दुपारी विठोबाची बायको गोदूबाई अतिया फकीह यांच्या दारात येऊन उभी राहिली. अतियाबाई रेवदंड्याच्या पोस्टात एकतीस वर्षं होत्या. अर्धा पत्ता, चुकलेलं गाव, पावसात पुसलेलं नाव, अशी पत्रं त्यांच्या टेबलावर यायची आणि बहुतेक योग्य घरी जायची. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी गाव त्यांना पोस्टबाईच म्हणत असे. रोजे चालू होते. गोदूबाईसाठी त्यांनी चहा ठेवायला घेतला, तर तिनं हातानंच नको म्हटलं.

“पोस्टबाय, येक विचारायचं हाय. खरं काय तेच सांगा. माज्या पोरानं बापाला लपवला काय?”

अतियाबाईंनी चहाचं भांडं परत खाली ठेवलं. आईच्या तोंडून असा प्रश्न निघायला किती रात्री जाव्या लागतात, याचा त्या विचार करत होत्या.

“पाडव्यापरयंत मना कळलं पायजे,” गोदूबाई म्हणाली. “न्हायतर त्याच्या हातचं पानी मी पिनार न्हाय.”

२

अदनान कुवेतला सहा वर्षं काढून आलेला. मोबाइल दुरुस्ती, विमानाची तिकिटं आणि वेबसाइट, असे तीन धंदे एका टपरीत बसवून होता. अतियाबाईंना तो खाला, म्हणजे मावशी म्हणे. त्यांना बघून तो उठला.

“खाला, मला माहितेय तुम्ही कशाला आलात. लोक म्हणतात मी पान उडवलं.”

“उडवलंस?”

त्यानं संगणक त्यांच्याकडे वळवला. वेबसाइटचा पूर्ण पत्ता अक्षर न अक्षर लिहिला, आणि पान उघडलं. वर मोठ्या रंगीत पट्टीत ‘विठोबा नाखवा, रेवदंडा’ असं ठळक नाव, शेजारी टोपी घातलेला, झुपकेदार मिशांचा फोटो, खाली मजकूर. सगळं जागच्या जागी होतं.

“म्हणजे काढलेलं नाही,” अतियाबाई म्हणाल्या.

“नाही. पत्ता पाठ असेल त्याला दिसतं. नाव टाकून शोधणाऱ्याला दिसत नाही.” त्यानं दुसरी खिडकी उघडली. “हे बघा. शोधयंत्राचा अहवाल. पान माहीत आहे म्हणतो, पण यादीत घेतलेलं नाही म्हणतो.”

“का?”

“नवीन आहे म्हणून.” अदनाननं कपाळ चोळलं. “खाला, आपल्या मोहल्ल्यात कुणी अनोळखी भाडेकरू आला तर आपण काय विचारतो? कुणाच्या ओळखीचा? कुणीतरी म्हणायला लागतं, हा माझ्या माहितीतला आहे. इथंही तसंच. रोज लाखो नवी पानं येतात, त्यांत निम्मी लबाडीची. यंत्र प्रत्येकाला लगेच घरात घेत नाही. दुसऱ्या जुन्या वेबसाइटींनी आपला पत्ता त्यांच्या पानावर द्यावा लागतो. ती ओळख. ती नसेल तर महिने जातात, कधी कधी वर्ष.”

“पण हा फोटो तर हजार लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला.”

“ती बंद खोली आहे. आतलं बोलणं बाहेर ऐकू येत नाही. मी अकरा ठिकाणी विनवण्या केल्या, आमचा पत्ता तुमच्या वेबसाइटवर टाका म्हणून. एकानंही टाकला नाही.”

अतियाबाईंना हे पटलं. पोस्टात नव्या वसाहतीची पत्रं अशीच फिरत राहायची; पोस्टमनला घर माहीत व्हायला मोसम जावा लागे. पण पटणं वेगळं आणि मन भरणं वेगळं. त्यांनी उठता उठता विचारलं, “पियूष कधी आला होता तुझ्याकडे?”

अदनान जरा घुटमळला. “आला होता, खाला. फेब्रुवारीच्या शेवटी. पान बंद कर म्हणाला.”

३

पियूष बांबूच्या वलांडीवर सुकत घातलेल्या बोंबलांपाशी जाळं सांधत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

“व्हय, मी सांगितलं बंद कर. कशाला खोटं बोलू?”

“कारण?”

“व्हॉट्सअ‍ॅपवर माजा नंबर फिरला. पेणला दिसला, म्हाडला दिसला, नागोठण्याच्या पुलाखाली बसलाय. आये परत्येक वेळी धावत जायची. म्हाडला ती रस्त्यावर चक्कर येऊन पडली. चेष्टा करनारं पोर निगालं ते.” त्यानं दातानं सूत तोडलं. “मना वाटलं, ह्या पानामुळंच व्हतंय. अदनान न्हाय म्हनला, मी गप बसलू.”

“आणि भांडण?”

“होडीवरनं झालं. डोलीच्या जाळ्याला पयल्यासारकी मासळी न्हाय लागत. मना उरनला बंदरात काम मिळत व्हतं. बाबा म्हनले, होडी विकलीस तर मी मेलू.” त्यानं जाळं खाली ठेवलं. “पोस्टबाय, त्यांना नीट रस्ता आठवत नव्हता, पन होडी आठवत व्हती. मीच त्यांना रोज सकाळी तीनदा घोकवून घ्यायचू. कुनीपन काय पन इचारलं तरी पयलं नाव सांगायचं. कुठनं आले, नाव. काय पायजे, नाव. येवढं तरी ऱ्हावं म्हनून. आनी लोक म्हनतात मी लपवला.”

अतियाबाईंनी माणसं पारखण्यात आयुष्य घालवलं होतं आणि त्यात दोनचारदा सपशेल फसल्याही होत्या. तरी त्यांना हा मुलगा खोटा वाटला नाही. पण वाटण्यावर गोदूबाईला काय सांगणार? वाड्यातल्या तोंडांना वाटणं पुरत नाही.

एक नाव उरलं होतं. ‘रेवदंडा’ असं शोधलं की सगळ्यात आधी चौलच्या मितेशभाईचं पान यायचं. सुपारीच्या बागेत पाहुण्यांना उतरायला खोल्यांची सोय, आणि अकरा वर्षं जुनी वेबसाइट. वाड्यातला दुसरा गट म्हणत होता की त्यानंच विठोबाचं पान खाली दाबलं.

“दाबता कुठे येतं, अतियाबेन?” मितेशभाई कसनुसं हसला. “माझं वर आहे, कारण जुनं आहे. शंभर जणांनी माझा पत्ता आपापल्या पानावर दिलाय. नव्याला कोण विचारतो? मलाही पहिलं वर्षभर कोण ओळखत नव्हतं.”

“मग त्या शंभरातली एक ओळख तुम्ही विठोबाला का दिली नाही? गोदूबाई स्वतः आली होती ना तुमच्याकडे हेच मागायला?”

त्याचं हसू मावळलं. तो अंगणातल्या पाहुण्यांच्या गाडीकडे बघू लागला.

“माणसं इथं मजा करायला येतात. पानावर हरवलेल्या म्हाताऱ्याचा फोटो दिसला तर... मी विचार करून सांगतो म्हटलं. आणि मग सांगितलंच नाही.” त्यानं मान खाली घातली. “ते चुकीचं केलं मी.”

हा गुन्हा नव्हता. कुठल्या कलमात तो बसला नसता. पण अतियाबाईंना त्या दिवशी ऐकलेल्यांत हेच सगळ्यात कडू लागलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते पान आपल्या फोनवर उघडलं. मोतिबिंदूमुळे बारीक अक्षर दिसेना, म्हणून नेहमीसारखं त्यांनी फोनलाच वाचून दाखवायला सांगितलं. फोनमधली बाई सपाट आवाजात वाचू लागली.

“हरवले आहेत. वय पासष्ट. पियूषचे वडील. घरचे मालक. उंची मध्यम. उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं. घरच्या माणसांना त्यांची फार काळजी लागली आहे...”

मजकूर संपला. अतियाबाईंनी पुन्हा वाचायला लावला, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्या ताडकन उठून बसल्या.

काखेत कळसा नि गावाला वळसा. संपूर्ण मजकुरात विठोबाचं नाव नव्हतं. नाव होतं ते वरच्या रंगीत पट्टीत, आणि ती पट्टी म्हणजे फ्लेक्सवाल्यानं करून दिलेलं चित्र. डोळस माणसाला ते आधी दिसतं, म्हणून खाली नाव नाही हे दीड महिन्यात एकाच्याही लक्षात आलं नाही. फोनमधल्या बाईला मात्र चित्र वाचता आलं नव्हतं. आणि शोधयंत्रही मुख्यतः मजकूरच वाचतं.

त्या तशाच कोळीवाड्यात गेल्या. गोदूबाई पाट्यावर मसाला वाटत होती.

“गोदूबाई, पानावरचा मजकूर कुणी सांगितला?”

“मीच. अदनाननं विचारलं, मी बोलत गेले, त्यानं लिवलं.”

“तुमच्या मालकांचं नाव सांगितलंत?”

गोदूबाईनं वरवंटा थांबवला आणि पदर डोक्यावर सारखा केला. “त्यांचं नाव मी कशी घेईन? चाळीस वरसांत लग्नातला उखाना सोडला तर कधी घेतलं न्हाय. त्या पोरानं वळखलं, म्हनाला ऱ्हाऊ द्या मावशी, वर पट्टीत हाय.”

तिच्यावर रागवायचं तरी कसं? नवऱ्याचं आयुष्य घटेल म्हणून नाव न घेणारी बाई त्याच नवऱ्याला शोधत होती. आणि तिचा मान राखायला अदनाननंही ते लिहिलं नव्हतं. अतियाबाई पाट्याशेजारी जमिनीवरच बसल्या.

“बरं, आता मला सांगा. हल्ली ते काय बोलायचे? शब्द न शब्द.”

“काय बोलनार? कायपन इचारा, आपलं नाव सांगायचे. पोरानं घोकवलेलं. आनी सकाळी उठलं की येकच. ‘आज उदान का भांग?’ होडी घेऊन जायचं असतं ना त्यांना. मी कायतरी सांगायची. मग दिवसभर तेच. भांग हाय का, भांग हाय का.”

समुद्रकाठी हे लहान पोरालाही कळतं. अमावस्या-पुनवेला मोठी भरती येते ते उधाण, आणि अष्टमीच्या आसपास पाणी मंद असतं ती भांग. डोलीचं जाळं कधी लावायचं ते त्यावर ठरतं. पण अतियाबाईंची एकदा तीन वर्षं घाटावर बदली झाली होती. त्यांना माहीत होतं की हा शब्द घाट चढला की तो पाण्याचा राहत नाही.

त्या उठून उभ्या राहिल्या. “पियूषला बोलवा,” त्या म्हणाल्या, “आणि अदनानला. आत्ता.”

५

अंगणात चौघं जमली. शेजारच्या कृष्णाबाई आणि आणखी दहाबारा जणं कुंपणाला लागली होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण अतियाबाईंनी हाकललं नाही. त्यांनी ऐकायला हवंच होतं.

“पोस्टात परत आलेलं पत्र हातात आलं की मी एकच विचार करायचे,” त्या म्हणाल्या. “लिहिणाऱ्यानं काय लिहिलं हे नंतर. ज्याच्या हातात ते पडलं, त्याला काय दिसलं हे आधी. आपण दीड महिना विचार केला आपलं पान लोकांना का दिसत नाही. त्याला दोन कारणं. पान नवं, त्याला कुणी ओळख दिली नाही. आणि नाव चित्रात अडकलं. दोष कुणाचाच नाही, आणि म्हटलं तर आपल्या सगळ्यांचा. पियूषनं काही लपवलेलं नाही.”

गोदूबाईनं मुलाकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

“पण समजा, पान वर असतं,” अतियाबाई पुढे बोलल्या. “तरी ज्याच्या दारात विठोबा नाखवा बसलाय, त्यानं काय शोधलं असतं? एक म्हातारा. नाव विचारलं तर म्हणतो विठोबा. गाव विचारलं तर विठोबा. भूक लागली का, विठोबा. सांगा, ऐकणाऱ्याला काय वाटेल?”

कृष्णाबाईंच्या तोंडून निघालं, “देवाचं नाव घेतोय.”

“हो. ते त्याचं स्वतःचं नाव आहे, असं कुणाच्या मनातही येणार नाही. आणि मग तो दिवसभर विचारतो, भांग आहे का. खाली कोकणात तो दीड महिन्यात सापडला नाही, म्हणजे पालीहून घाटावर गेला असेल; आणि घाटावर भांग म्हणजे काय?”

“नशा,” अदनान हळूच म्हणाला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

“म्हणजे तिथल्या लोकांकडे आहे एक भाविक, व्यसनी, बेवारस म्हातारा. त्याचं नाव माहीत नाही असंच ते लिहिणार. आपलं नवं पान त्यांना सापडायची वाट बघत बसायला आपल्याकडे वर्ष नाही. पण निराधारांची निवारागृहं जुनी आहेत, त्यांच्या वेबसाइटी जुन्या, यंत्राच्या ओळखीच्या. त्यांनी आज लिहिलेलं उद्या दिसतं. तेव्हा आपण त्यांना शोधायचं, आणि आपल्या शब्दांत नाही, त्यांच्या.”

अदनाननं फोन काढला. नुसतं ‘विठोबा’ लिहिलं तर देवाची देवळं, अभंग आणि आरत्यांचा पूर आला. अतियाबाई सांगत गेल्या, तो लिहीत गेला. ओळख न पटलेले आजोबा. सतत विठोबा म्हणतात. भांग मागतात.

तिसऱ्या ओळीवर मुळशीकडच्या एका निवारागृहाचं पान होतं. अदनाननं मोठ्यानं वाचलं. “‘भजनीबाबा. वय अंदाजे पासष्ट. माघी चतुर्थीनंतर दाखल. सतत विठोबाचं नामस्मरण करतात. इतर बोलणं कळत नाही. रोज भांग मागतात, व्यसन सोडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. नातेवाइकांनी संपर्क साधावा.’”

फोटोतल्या माणसाचं डोकं भादरलेलं होतं, मिशा नव्हत्या, कपाळाला बुक्का होता. कुंपणापलीकडे कुणीतरी निराशेनं चक् केलं. “ह्यो न्हाय.”

पियूषनं फोन हिसकावून घेतला आणि चेहऱ्याकडे बघितलंही नाही. त्यानं फोटोतला गुडघ्यावर ठेवलेला उजवा हात मोठा केला. दोरखंडात सापडून वाकडं झालेलं मधलं बोट त्यानं लहानपणापासून धरलेलं होतं.

“बाबा,” तो म्हणाला, आणि खाली बसला.

६

निवारागृहाच्या व्यवस्थापकांना बिचाऱ्यांना फार वाईट वाटलं. जत्रेहून परतणाऱ्या एका भजनी मंडळाच्या टेम्पोत हा माणूस बसला होता. जो तो समजला, दुसऱ्या कुणाचा तरी असेल. घाट चढून आल्यावर मोजदाद झाली तेव्हा एक माणूस जास्त निघाला. नाव विचारलं की विठोबा म्हणे. मंडळातले लोकही हात जोडून विठोबा म्हणत.

“आम्ही त्यांना रोज सकाळी समजवायचो, बाबा, भांग वाईट,” ते म्हणाले. “ते मान हलवायचे. म्हणायचे, वाईट तर वाईट, पन जायला पायजे.”

अतियाबाई दाराशीच थांबल्या. पुढचं त्यांचं काम नव्हतं. वाटेत गाडीत तीन तास माय-लेक एकमेकांशी बोलले नव्हते, आणि ते गप्प राहणं रागाचं नव्हतं. कुठून सुरुवात करायची, हे दोघांनाही सुचत नव्हतं.

अंगणातल्या बाकावर विठोबा बसला होता. अंग उतरलं होतं, पण कपडे स्वच्छ होते. पियूष चार पावलं आधीच थबकला. गोदूबाई पुढे गेली आणि त्याच्या समोर उभी राहिली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मागच्या तरण्या पोराकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत ओळखीची खूण उमटली नाही. आजार तेवढ्या दिवसांत पुढे गेला होता. पण ही बाई रडतेय हे त्याला दिसत होतं, आणि आयुष्यभराचा भला स्वभाव कुठे गेला नव्हता.

“बाय,” त्यानं विचारलं, “तुजं कोन हरावलंय काय?”

गोदूबाईनं मागे हात केला. पियूषचं मनगट सापडलं तसं तिनं ते घट्ट धरलं आणि त्याला ओढून आपल्या शेजारी उभं केलं.

“दोन मानसां हरावली व्हती,” ती म्हणाली. “दोनीव गावली.”

“बरं झालं,” विठोबा म्हणाला, आणि त्या दोघांना बसायला बाकावर जागा करून दिली.